न लावलेला पट्टा

संकरित वाणं येण्याआधी जालन्याच्या शिवारात ज्वारीचं बियाणं विकत आणण्याची वेळ क्वचितच येई. मळणीआधी भरघोस कणसं निवडून बाजूला काढायची, घरात टांगायची किंवा राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात जपायची आणि पुढच्या मृगात तीच पेरायची, अशी रीत होती. दाणा दाताखाली धरला की तो नीट वाळला आहे की नाही ते कळे. कणीस ज्या ताटाचं, ते ताट आदल्या हंगामात डोळ्यांसमोर वाढलेलं असे. ही पारख हाताची आणि आठवणीची होती, आणि त्या बियाण्यापुरती ती पुरेशी होती. १९६४ साली देशात सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आजची महिको, सुरू केली. पुढच्या काही दशकांत ‘जालना सोने का पालना’ म्हणणारं हे व्यापारी गाव बियाण्याचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं आणि बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या कहाणीतली एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. संकरित दाणा तळहातावर घेऊन पाहिला तर तो साध्या दाण्यासारखाच दिसतो. त्याचा गुण त्याच्या आईबापांच्या जोडीत असतो, आणि घरचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तो गुण फुटून जातो. वस्तूचा गुण नजरेआड गेला आणि जुनी पारख एका हंगामात निकामी झाली.

मोटार चमकवण्याची हौस असणाऱ्यांपुढे आज नेमका हाच पेच आहे, म्हणून हा इतिहास त्यांच्यासाठी मांडावासा वाटतो. मोटारीच्या रंगाचाही असाच एक उलटफेर झालेला आहे. १९२४ साली अमेरिकेत ओकलंड गाडीवर ड्यूको हा झटपट वाळणारा लॅकर आला आणि गाडी रंगवण्याचं दिवसांचं काम तासांवर आलं. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बेसेडर आणि फियाट गाड्यांच्या साध्या रंगांवर वेगळा पारदर्शक थर नसे. उन्हानं रंग खडूसारखा पांढुरका पडे, पॉलिश घासलं की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे आणि खालून ताजा थर चमकू लागे. पॉलिश काम करतं की नाही, हे फडकंच सांगत असे. ऐंशीच्या दशकापासून रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असतो. आता फडक्यावर काही उतरत नाही. बाटलीतलं द्रव्य त्या थराला कापतं, त्यावरच्या ओरखड्यांत तेल भरून ते झाकतं की त्यावर खरोखर एखादं आवरण चढवतं, हे लावल्या दिवशी डोळ्यांना सारखंच दिसतं. तिन्ही वेळा गाडी चमकते. कार्नोबा मेण, टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग या क्रमानं बाजारातले शब्द बदलत गेले, पारख मात्र फडक्याच्या काळातलीच राहिली.

बियाण्याच्या जगानं या पेचातून वाट काढली ती शेजारी ठेवून पाहण्याच्या शिस्तीतून. नवं वाण एकटं पेरून ‘छान आलं’ म्हणण्याला शेतीशास्त्रात किंमत नाही. त्याच्या बाजूला, त्याच मातीत, त्याच दिवशी, ओळखीचं वाण पेरावं लागतं. कृषी विद्यापीठांच्या भाषेत त्याला तुल्य वाण म्हणतात. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या बीडीएन वाणांसाठी ओळखलं जातं. असं कुठलंही वाण शेतकऱ्यापर्यंत येण्याआधी तुल्य वाणांच्या शेजारी, अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत तपासलेलं असावं लागतं. या शिस्तीचं एक जुनं घर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, आणि त्या शेताच्या एका पट्ट्याला तेव्हापासून आजवर खताचा कणही घातलेला नाही. तो प्रयोग सुरू करणारे जॉन लॉज स्वतः सुपरफॉस्फेट खताचे कारखानदार होते. खत विकणाऱ्यालाही आपलं खत किती काम करतं हे कळायला बिनखताचा पट्टा राखावा लागला, ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्याच रोथॅमस्टेडमध्ये १९१९ पासून काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी अशा तुलनेचं गणित बसवलं, आणि ते भारतातल्या शेतापर्यंत आणण्यात दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं शेती कार्यकर्त्यांसाठीच्या संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९५४ साली काढलं. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

गाडीवर हे उतरवणं वाटतं तितकं अवघड नाही. डिकीच्या झाकणावर किंवा बोनेटवर रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावून वीतभर रुंदीचे तीन पट्टे आखायचे. एकावर नवं द्रव्य, एकावर नेहमीचं आणि एक कोरा. तिन्ही पट्टे आधी सारखेच धुवायचे आणि जुनं मेण-तेल निघून जावं म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाण्याच्या मिश्रणानं पुसून घ्यायचे. यातला कोरा पट्टा लोक हमखास गाळतात, कारण तिथं काहीच करायचं नसतं. पण सारी किंमत त्या पट्ट्याचीच आहे. नुसत्या धुण्यानं आणि मायक्रोफायबर कापडानं पुसण्यानं गाडी किती उजळते हे त्याच्याशिवाय कळायचा मार्ग नाही, आणि पुष्कळदा बाटलीला दिलेलं श्रेय बादलीचं असतं. पॉलिशची परीक्षा असेल तर काम झाल्यावर त्या भागावर पुन्हा अल्कोहोलचं फडकं फिरवायचं. तेलानं झाकलेले गोल ओरखडे उन्हात परत दिसू लागले, तर ते गेलेच नव्हते.

मात्र शेजारी ठेवून पाहणंही अपुरं ठरू शकतं, आणि याचा धडा संकरित वाणांच्या पहिल्याच दशकात मिळाला. बाजरीचं एचबी-१ हे संकरित वाण १९६५ साली आलं. उत्पादनाच्या आकड्यांनी ते आणि त्याच्या पाठोपाठची भावंडं देशभर पसरली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं त्यांच्यावर घाला घातला आणि पहिल्या हंगामांचं यश टिकाऊपणाची हमी नसतं हे शेतकऱ्यांना भारी किमतीला शिकावं लागलं. ज्वारीचा अनुभव वेगळा आणि तितकाच बोलका आहे. लवकर येणाऱ्या संकरित खरीप ज्वारीचा दाणा पावसात सापडला की बुरशीनं काळा पडे. क्विंटलच्या हिशेबात वाण जिंकलं होतं, पण घरात भाकरीची चव आणि गोठ्यात कडबा यांचाही हिशेब असतो. काय मोजायचं हे आधी ठरवलं नाही, तर सोपं असेल तेच मोजलं जातं.

मोटारीच्या बाबतीत ते सोपं माप म्हणजे पाण्याचे मणी. कोटिंग केल्यावर पाणी टाकायचं, थेंब मोत्यांसारखे उभे राहतात, गिऱ्हाईक खूश. थेंब उभा राहतो कारण पृष्ठभाग पाण्याला धरत नाही. हा गुण साध्या मेणातही आहे आणि स्वस्तातल्या सिलिकॉनच्या फवाऱ्यातही. त्यावरून आवरण किती जाड आहे, ऊन किती अडवतं, ओरखडा किती सोसतं, यातलं काहीच सिद्ध होत नाही. उलट चांगल्या कोटिंगवर धुळीची साय बसली तर थेंब पसरतो आणि ते संपलं असं वाटतं. नीट धुतल्यावर थेंब पुन्हा उभा राहतो. जालन्यासारख्या ठिकाणी तर हे माप दिशाभूलच करू शकतं. इथं गाड्या बऱ्याचदा बोअरच्या पाण्यानं धुतल्या जातात, आणि बेसाल्ट खडकातलं हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. उभा राहिलेला थेंब उन्हात जागेवरच आटतो आणि आपले क्षार एका गोल कड्यात मागे ठेवतो. म्हणजे मणी जितके सुबक, तितके डाग ठसठशीत, जर लगेच पुसलं नाही तर. कमी क्षाराच्या पाण्याच्या गावात पहिलं ठरलेलं द्रव्य इथं तिसरं ठरू शकतं. ओलिताखाली नावाजलेलं वाण कोरडवाहूत आपटतं, हे ज्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, तिथं हे पटायला वेळ लागू नये. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्प्यात खुला झाला. तेव्हापासून जालन्याची गाडी लांबच्या वेगवान रस्त्यावर किड्यांचे सडे अंगावर घेते आणि गावात परतल्यावर काळ्या मातीची धूळ. परीक्षा याच वापरात व्हायला हवी.

यावर एक रास्त आक्षेप असा की गाडी म्हणजे शेत नव्हे. शेतात धान्य काट्यावर तोलता येतं, चमक कशात तोलणार? खरं आहे, म्हणूनच चमक मोजू नये, मोजण्याजोगं काही शोधावं. किती धुण्यांनंतर थेंब पसरला, बोअरचं पाणी आटल्यावर प्रत्येक पट्ट्यावर डागाची किती कडी राहिली, चिकटलेले किडे किती पुसण्यांत निघाले, हे कुणालाही मोजता येतं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: एका गाडीवरच्या तीन पट्ट्यांवरून काय ठरणार? बोनेट इंजिनानं तापतं, एका बाजूला दुपारचं ऊन जास्त लागतं. फिशर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शेताचा एक कोपरा दुसऱ्याहून कसदार असतोच. उत्तर म्हणजे पुनरावृत्ती आणि चिठ्ठ्या. डाव्या दारावर एकदा, उजव्या दारावर एकदा, डिकीवर एकदा पट्टे आखावेत आणि कोणता पट्टा कशासाठी हे चिठ्ठी टाकून ठरवावं. तिन्ही ठिकाणी एकच द्रव्य सरस ठरलं तर विश्वास ठेवायला आधार मिळतो, आणि निकाल उलटसुलट आले तर फरक द्रव्याचा नसून जागेचा असण्याचीच शक्यता जास्त. महाग बाटलीचा पट्टा आपल्या डोळ्याला जास्त चमकतो, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून द्रव्य एकानं लावावं आणि निकाल ज्याला पट्टे ठाऊक नाहीत अशा दुसऱ्यानं सांगावा.

तिसरं म्हणणं असं की कंपन्यांकडे प्रयोगशाळा आहेत, मग हौशी माणसानं इतका खटाटोप का करावा? प्रयोगशाळेचं मोल कमी नाही. अनेक महिन्यांचं ऊन काही दिवसांत पाडणारी यंत्रं हौशी माणसाला कुठून मिळणार? पण प्रयोगशाळेनं काय तपासलं आणि डब्यावर काय छापलं यातलं अंतर बघावं लागतं. सिरॅमिक कोटिंगच्या डब्यावरचा ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कसोटीतला आहे. ठरावीक दाबानं पेन्सिलीचं टोक थरावर फिरवतात, आणि त्या मालिकेतली सर्वांत कडक पेन्सिल ९एच. विक्रेते मात्र तो आकडा खनिजांच्या मोह्स मापाइतका, जिथं नवव्या पायरीवर माणिक-नीलमाचं कुरुंद बसतं, असा वाटू देतात. टेफ्लॉनचंही तसंच. ते वितळायला सुमारे ३२७ अंश सेल्सिअस उष्णता लागते. तव्यावर ते भाजून बसवता येतं. गाडीचा रंग त्या उष्णतेत टिकणार नाही. तेव्हा तव्यावरचा थर आणि गाडीवरचं ‘टेफ्लॉन’ यांचं नाव सारखं असलं तरी वस्तू सारखी नाही. प्रयोगशाळेला विचारायचा प्रश्न एकच: कशाच्या शेजारी ठेवून तपासलं?

बियाण्याला या प्रश्नाचं उत्तर देणं कायद्यानं बांधून घातलं आहे. १९६६ च्या बियाणे अधिनियमानं पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता सांगणं भाग पाडलं. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग लागतो आणि सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. इतकं असूनही कृषी विभाग दर वर्षी पेरणीआधी शेतकऱ्याला सांगतो की घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि कोंब मोजा, विकतच्या पिशवीचं बिल, टॅग आणि मूठभर बियाणं कापणी होईपर्यंत जपून ठेवा. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो असं ठरवलं, तेव्हा त्या जपलेल्या कागदांना आणखी वजन आलं. मोटारीच्या पॉलिशच्या बाटलीवर असा निळा टॅग नसतो. ग्राहक म्हणून दाद मागता येते, पण त्यासाठी आधी काहीतरी दाखवावं लागतं: बिल, बॅच नंबर, थोडं उरलेलं द्रव्य, आणि एकाच जागी, एकाच वेळच्या उन्हात, आठवड्याच्या अंतरानं घेतलेले तीन पट्ट्यांचे फोटो.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. बहुतेक गाड्या खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला झेंडूच्या माळा घालण्याआधी पॉलिश होतात, आणि बाटलीचा निकाल त्याच संध्याकाळी लागतो. त्या दिवशी कोणतीही बाटली जिंकते. पट्टे मृगाच्या सुमाराला आखले, तर पोळ्यापर्यंत पावसाची पहिली साक्ष मिळते, दसऱ्यापर्यंत ऑक्टोबरच्या उन्हाची, आणि माळ बांधायला गाडी पुढे येते तेव्हा डिकीवरचा कोरा पट्टा बाकीच्या दोहोंपासून वेगळा ओळखू येतो की नाही, हे दिसलेलं असतं.