श्वसनविषयक वैद्यकीय शब्दसंपदा

श्वास, फुप्फुसे, त्यांचे विकार आणि त्यांवर उपचार करणारा वैद्य यांसंबंधीच्या शब्दांचा समूह. मराठीतील ही शब्दसंपदा एका काळातील किंवा एका परंपरेतील नाही. वैदिक व आयुर्वेदीय संस्कृत, अरबी-फार्सी, पोर्तुगीज व इंग्रजी अशा चार प्रमुख स्रोतांतून ती आली असून प्रत्येक स्रोताबरोबर शरीराविषयीची एक वेगळी कल्पनाही आली आहे. पुष्कळदा शब्द टिकून राहिला, परंतु त्यामागील कल्पना बदलली. या बदलांचा मागोवा घेणे हे वैद्यकाच्या इतिहासाचे एक अंग असून रुग्ण व वैद्य यांच्यातील संवादाच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे.

वैद्यवाचक शब्द : वैद्याला वेदकाळी ‘भिषज्’ म्हणत. ऋग्वेदात अश्विनीकुमारांना हे विशेषण लावलेले आढळते. ‘वैद्य’ हा शब्द ‘विद्’ (जाणणे) या धातूशी संबंधित आहे. ‘हकीम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ज्ञानी पुरुष असा आहे, तर ‘डॉक्टर’ हा शब्द शिकविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. म्हणजे आज प्रचारात असलेले तिन्ही शब्द उपचारापेक्षा ज्ञानाचा निर्देश करतात. ‘औषध’ हा शब्द ‘ओषधी’ म्हणजे वनस्पती यावरून आला. ‘दवाखाना’ अरबी ‘दवा’ व फार्सी ‘खाना’ यांचा समास होय. ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मिळाला. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचे राजकीय रुग्णालय होते आणि तेथेच १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता यांचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला.

फुप्फुस व क्लोम : अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात ज्या अवयवांतून रोग घालवून द्यावयाचा त्यांमध्ये हृदयाबरोबर ‘क्लोमन्’ या अवयवाचा उल्लेख येतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पंधरा कोष्ठांगे सांगितली आहेत. त्यांत हृदय, क्लोम, यकृत, प्लीहा, वृक्क इ. अवयव आहेत, परंतु फुप्फुस हे नाव नाही. सुश्रुतसंहितेत मात्र ते आढळते. तेथे फुप्फुसाची उत्पत्ती रक्ताच्या फेसापासून सांगितली असून हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा व फुप्फुस आणि उजवीकडे यकृत व क्लोम अशी मांडणी दिली आहे. फुप्फुसाचा सच्छिद्र, हलका व गुलाबी ऊतक पाहिल्यास फेसाची कल्पना प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली असावी, असे दिसते. फुप्फुस डावीकडे एकच मानल्यास उजवीकडील क्लोम म्हणजे उजवे फुप्फुस काय, असा प्रश्न उपस्थित होतो. अभ्यासकांनी क्लोम म्हणजे उजवे फुप्फुस, अग्निपिंड, पित्ताशय किंवा श्वासनाल असे निरनिराळे अर्थ लावले आहेत व त्यांत एकवाक्यता झालेली नाही. हिंदीतील शास्त्रीय परिभाषेत हाच शब्द माशाच्या कल्ल्यांसाठी योजलेला आहे. ‘फुप्फुस’ शब्दाचे वंशज हिंदीत ‘फेफडा’, गुजरातीत ‘फेफसुं’ आणि मराठी बोलीत ‘फोपसे’ या रूपांत आढळतात. खाटकाच्या दुकानातील शब्द आणि शारीराच्या ग्रंथातील शब्द असे मुळात एकच आहेत.

प्राण व श्वास : आयुर्वेदात प्राण हा शरीरातील पाच वायूंपैकी एक होय. चरकसंहितेत प्राणवह स्रोतसांचे मूळ हृदय व महास्रोतस हे मानले आहे, फुप्फुस नव्हे. पुढे शार्ङ्गधरसंहितेत फुप्फुसाला उदान वायूचा आधार म्हटले असून प्राणवायू नाभीपासून निघून हृदयकमलाला स्पर्श करतो, कंठातून बाहेर जाऊन आकाशातील अमृत प्राशन करतो व पुन्हा आत येतो, असे वर्णन केले आहे. बाहेरील हवेतून शरीर काहीतरी जीवनावश्यक घेते, ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते.

आत घेतलेल्या व बाहेर सोडलेल्या श्वासाच्या नावांतही स्थित्यंतरे झाली. वैदिक वाङ्मयातील प्राण व अपान यांपैकी आत जाणारा कोणता व बाहेर पडणारा कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आजच्या मराठीत ‘श्वास’ आत घेतला जातो व ‘उच्छ्वास’ बाहेर टाकला जातो. ‘निःश्वास’ मात्र वैद्यकातून सुटून सुस्काऱ्याच्या अर्थाने साहित्यात स्थिरावला आहे.

रक्तवाहिन्यांच्या नावांतही श्वसनाचा अवशेष उरला आहे. ‘धमनी’ हा शब्द ‘ध्मा’ (फुंकणे) या धातूपासून झाला असून फुंकण्याची नळी हाही त्याचा अर्थ आहे. ग्रीक भाषेतील ‘आर्टेरिया’ हा शब्दही प्रथम श्वासनालाला लावीत. मृत शरीरातील धमन्या रिकाम्या आढळत, त्यामुळे त्या हवा वाहतात असे इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्राटस यांनी मानले. श्वासनालाचे ‘ट्रॅकिया’ हे आजचे नाव ‘खडबडीत आर्टेरिया’ या ग्रीक संज्ञेतील विशेषणच होय. धमन्यांत रक्त असते हे गेलेन यांनी दाखविले. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांतून डाव्या भागात जाते हे तेराव्या शतकात इब्न अन्-नफीस यांनी, तर युरोपात १५५३ मध्ये सर्व्हीटस यांनी मांडले. मालपीगी यांनी १६६१ मध्ये फुप्फुसातील केशवाहिन्यांचे वर्णन केले. ज्ञान बदलले तरी धमनीचे नाव दोन्ही भाषापरंपरांत कायम राहिले.

विकारांची नावे : ‘राजयक्ष्मा’ हे नाव ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात येते. शरीर झिजत जाते म्हणून त्यास ‘क्षय’ म्हणत. ग्रीक ‘थायसिस’ या नावाचा अर्थही झीज असाच आहे. दोन्ही नावे लक्षणांवरून पडलेली आहेत. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या रोगाचा सूक्ष्मजंतू शोधल्याचे जाहीर केल्यानंतर ‘क्षय’ या शब्दाला कारणाधिष्ठित व निश्चित अर्थ आला. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील प्रत्येक क्षयरोगी आजच्या अर्थाने क्षयरोगी होता, असे म्हणता येत नाही.

आयुर्वेदात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार मानले आहेत. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन दम्याशी बरेच जुळते. परंतु लोकभाषेत रूढ झाला तो ‘दमा’ हा फार्सी शब्द. त्याच्या मुळाशी ‘दम’ म्हणजे श्वास हा शब्द आहे. ‘दम लागणे’, ‘दम धरणे’, ‘दमणे’ असा त्याचा मराठीत विस्तार झाला. युनानी वैद्यकात याच विकाराला श्वासाचा संकोच या अर्थाचे ‘जीकुन्नफस’ हे अरबी नाव आहे. ते मराठीत रुजले नाही. धाप, उबळ, घरघर, डांग्या खोकला यांसारखे शब्द घरगुती निरीक्षणातून आलेले असून लक्षण नेमके सांगण्याचे त्यांचे सामर्थ्य मोठे आहे.

आधुनिक परिभाषा : मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड यांच्यासह पहिले विद्यार्थी पदवीधर झाले. पुढे तेथे मराठी व गुजराती माध्यमांचे वर्गही चालविण्यात आले आणि नारायण दाजी, सखाराम अर्जुन इ. डॉक्टरांनी मराठीत वैद्यकीय लेखन केले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषेच्या कामाला शासकीय अधिष्ठान मिळाले. वायुकोश, परिफुप्फुस, मध्यपटल, श्वासनाल यांसारख्या संज्ञा ग्रंथांत रूढ झाल्या. तथापि एकाच अवयवाला ग्रंथागणिक निराळे नाव मिळण्याचा दोष राहिला. उदा., ग्रंथांतील मध्यपटल शालेय पाठ्यपुस्तकात ‘श्वासपटल’ होते.

जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्याची पद्धतही अवलंबिण्यात आली. ‘शोथ’ म्हणजे आयुर्वेदात केवळ सूज. आधुनिक परिभाषेत तो दाहयुक्त सुजेचा वाचक झाला. सर्वांत लक्षणीय उदाहरण ‘प्राणवायू’ हे होय. लव्हॉयझर यांनी १७७७ मध्ये ऑक्सिजनला दिलेले नाव ‘अम्लजनक’ या अर्थाचे असून सर्व अम्लांत हे मूलद्रव्य असते, या चुकीच्या समजुतीवर ते आधारलेले आहे. मराठीत त्यास मिळालेले ‘प्राणवायू’ हे नाव त्याच्या शरीरातील कार्याचे अधिक यथार्थ दर्शन घडविते. मात्र त्यामुळे आयुर्वेदातील प्राणवायू म्हणजेच ऑक्सिजन, असा गैरसमज होतो. पहिली शरीरातील कार्यवाचक संकल्पना आहे, तर दुसरे रासायनिक मूलद्रव्य. एकाच्या आधारे दुसऱ्याचे प्रतिपादन करणे दोन्ही शास्त्रांना अन्यायकारक होय.

करोना विषाणूच्या २०२०–२१ मधील साथीत ‘प्राणवायूची पातळी’, ‘कृत्रिम श्वसनयंत्र’ यांसारखे शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. बोलण्यात मात्र ‘ऑक्सिजन’ व ‘व्हेंटिलेटर’ हेच शब्द अधिक राहिले. परिभाषेचे यश कोशातील नोंदींच्या संख्येवर अवलंबून नसते, हे यावरून दिसून येते. ‘दम लागतो’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो लक्षण सांगत असतो; वैद्याने ते ‘दमा’ असे ऐकल्यास निदान चुकण्याचा संभव असतो. हृदयविकार, पंडुरोग व फुप्फुसाचे अनेक विकार यांतही दम लागतो. म्हणून ग्रंथातील संज्ञा व रुग्णाचा शब्द या दोहोंची जाण, तसेच त्यांतील भेदाचे भान, वैद्याला आवश्यक ठरते.