सहकुटुंब सहपरिवार पॅरिस

राजधान्यांच्या इतिहासात राजांच्या मिरवणुका फार. अमक्या दिवशी अमका सेनापती जय मिळवून वेशीतून आत आला, तमक्या दिवशी तमक्याचा शिरच्छेद झाला, तह झाले, तोफा सुटल्या; ह्या सर्वांची नोंद तारीखवार सापडते. परंतु एखादा सामान्य गृहस्थ पत्नी व मुले यांस बरोबर घेऊन, कोणतेही काम नसता, केवळ मौजेखातर एखाद्या मोठ्या नगरात हिंडला, चार स्थळे पाहिली, दोन ठिकाणी खाल्ले आणि हसतखेळत मुक्कामी परतला, ही गोष्ट प्रथम कधी शक्य झाली, हे विचारण्याचे कोणी मनावर घेत नाही. ती इतकी क्षुल्लक वाटते की, तिला काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. आमच्या मते तिला इतिहास आहे, आणि पॅरिस नगरीच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी सनांसह सांगता येतो. तो सर्वस्वी निर्मळ नाही, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

विषय सुचण्याचे निमित्त मात्र ग्रंथालयातले नव्हे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब पाच दिवस पॅरिसमध्ये होतो, आणि पहिल्याच सकाळी आमच्यात दोन पक्ष पडले. एक पाहण्याचा, दुसरा खाण्याचा. पहिल्या पक्षात आम्ही एकटेच होतो. दुसऱ्या पक्षाचे बहुमत असल्यामुळे आरंभ भोजनापासून करणे प्राप्त आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये परगावच्या मनुष्यास जेवावयाचे असे, तर त्यास बहुधा खानावळीतील सामाईक मेजावर बसावे लागे. वेळ ठरलेली, दर ठरलेला. समोर येईल ते खावयाचे. आपली पंगतच म्हणा ना. भेद इतकाच की, पंगतीत आग्रह असतो आणि तेथे चपळाई लागे. 'रेस्तराँ' हे त्या काळी जागेचे नाव नव्हतेच. अशक्त मनुष्यास शक्ती आणणाऱ्या मांसाच्या गाळीव रसास तो शब्द लावीत. ह्या रसाच्या दुकानांतून आजचे उपाहारगृह निघाले. त्याविषयी एक गोष्ट शेकडो पुस्तकांत आढळते. १७६५ साली बूलांजे नावाच्या इसमाने रसाबरोबर मेंढीच्या पायांचे कालवण विकण्यास आरंभ केला, स्वयंपाक्यांच्या संघाने त्याच्यावर फिर्याद केली, आणि तो जिंकला. गोष्ट नाटकास शोभेल अशी आहे. परंतु रिबेका स्पँग ह्या विदुषीने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, असा खटला चालल्याचा दफ्तरी पुरावा मिळत नाही. त्यांच्या मते आद्यत्वाचा मान १७६६ सालच्या रोझ द शांत्वाझो ह्या उद्योगी गृहस्थास द्यावा लागतो. हा मोठा बिलंदर मनुष्य दिसतो. १७६९ साली त्याने पॅरिसमधील व्यापाऱ्यांची एक मार्गदर्शिका छापली, आणि तीत आपल्याच भोजनगृहाची वाखाणणी करून घेतली. क्रांतीनंतर उमराव पळाले, त्यांचे स्वयंपाकी बेकार झाले आणि त्यांनी उपाहारगृहे काढली, हा सार्वत्रिक समजही अर्धाच खरा आहे. असे स्वयंपाकी होते. पण १७८९ पूर्वी वीस वर्षे ही गृहे चालू होतीच.

त्यांनी नवे केले ते काय? पंगत मोडली. आपले मेज, आपली वेळ, आपली निवड, आणि प्रत्येक पदार्थापुढे छापलेली किंमत. ह्या चार गोष्टी आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्या कोणी तरी शोधून काढल्या असतील हे ध्यानात येत नाही. चार माणसांनी परक्यांच्या गर्दीत बसूनही आपापसांत जेवावे, ही सोय त्या वेगळ्या मेजाने झाली. पण सोय झाली म्हणजे ती सर्वांस परवडली असे नाही. नामांकित उपाहारगृहे पाले रोयालच्या सज्जांत आणि आसपास होती; तेथेच जुगाराचे अड्डे होते, तेथेच वारांगना फिरत. दाम आणि दुर्लौकिक ह्या दोहोंमुळे साधा कारकून आपल्या मुलाबाळांस घेऊन तिकडे फिरकत नसे.

जुन्या मराठीत 'कुटुंब' ह्या शब्दाचा अर्थ पत्नी असाही होता. आजच्या सुशिक्षित वाचकांस तो हास्यास्पद वाटेल. परंतु भोजनगृहांच्या इतिहासापुरता तो अगदी नेमका आहे. जेथे पत्नी जाऊ शकत नाही तेथे कुटुंब जात नाही. तेथे केवळ पुरुष जातात. आमच्या पुण्यामुंबईच्या इराण्यांनी हे ओळखून आत आडोसा केला आणि त्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी लावली. पॅरिसमध्ये हाच प्रश्न एका खाटकाने निराळ्या रीतीने सोडविला.

त्याचे नाव द्यूवाल. चांगले तुकडे श्रीमंतांच्या घरी जात आणि उरलेल्या मांसास गिऱ्हाईक नसे. त्याचा रस व उकडलेले मांस अल्प दरात विकण्याची युक्ती त्याने १८५० नंतरच्या दशकात काढली. हीच 'बुईयों' म्हणजे मांसरसाची भोजनगृहे. दालन प्रशस्त, मेजे स्वच्छ, वाढावयास पांढऱ्या टोप्या व पांढरी वस्त्रे घातलेल्या स्त्रिया. आत शिरताच प्रत्येकाच्या हाती एक छापील पत्रक देत. वाढपीण पदार्थ आणील तशी त्यावर खूण करी, आणि जाताना दाराशी पैसे द्यावयाचे. तोंडपुसण्याचेसुद्धा वेगळे! परंतु ह्या कंजूष वाटणाऱ्या हिशेबातच खरी मेख होती. आपल्या खिशास किती चाट बसणार हे प्रत्येक घासागणिक कळत असल्यामुळे चार मुलांचा बाप तेथे निर्धास्त बसू लागला. त्या काळच्या प्रवाशांच्या हाती बेडेकरचे मार्गदर्शक पुस्तक असे. (हे बेडेकर आपल्यापैकी नव्हत; कोब्लेन्झ येथील जर्मन ग्रंथप्रकाशक.) ह्या द्यूवालगृहांत स्त्रियांनी एकट्याने जाण्यासही प्रत्यवाय नाही, असा निर्वाळा त्या पुस्तकाने दिला. एका ओळीचा हा निर्वाळा आम्हांस कित्येक कायद्यांहून महत्त्वाचा वाटतो.

द्यूवालची गृहे आता राहिली नाहीत. तथापि त्याच धर्तीचे, १८९६ साली निघालेले शार्तिए बंधूंचे भोजनगृह फोबूर मोंमार्त्रच्या रस्त्यावर अद्यापि चालू आहे. नित्याच्या गिऱ्हाइकांची तोंडपुसणी ठेवण्याचे क्रमांकित खण तेथील भिंतीवर आहेत. आमच्या सौभाग्यवती शाकाहारी. मांसरसाच्या नावावर चालणाऱ्या त्या घरात त्यांच्या वाट्यास किसलेले गाजर आले. त्यांच्या मते त्यात दाण्याचे कूट नव्हते, एवढेच काय ते न्यून. वाढप्याने मेजावर अंथरलेल्या कागदावरच पेन्सिलीने बेरीज मांडली. मुलांनी ती तीनदा तपासली आणि तो कागद फाडून बरोबर आणला.

आता पाहण्याविषयी. लूव्रचा राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला तो १० ऑगस्ट १७९३ रोजी, म्हणजे राजसत्ता उलथल्याच्या पहिल्या वार्षिक दिनी. क्रांतिकारकांनी आठवडा दहा दिवसांचा केला होता. त्यांपैकी शेवटचे तीन दिवस सामान्य जनांसाठी असत आणि बाकीचे चित्रकारांसाठी व झाडलोटीसाठी. दार उघडले; परंतु आत जाऊन करावयाचे काय, हे कोणी शिकविले नव्हते. एमिल झोलाच्या १८७७ सालच्या 'लासोम्वार' ह्या कादंबरीत एक विवाहप्रसंग आहे. धोबीण नवरी, कथील-जस्ताचे पत्रे बसविणारा नवरा, आणि त्यांचे सोयरेधायरे. पाऊस आला, जेवणास अवकाश होता, म्हणून ही वरात लूव्रमध्ये शिरते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, चित्रांच्या सोनेरी चौकटी मोजतात, नग्न देह पाहून कोपरखळ्या मारतात, नकला करीत बसलेले चित्रकार त्यांस हसतात. शेवटी वाट चुकून दालनामागून दालन धुंडाळीत राहतात. मग व्हांदोमच्या स्तंभावर चढतात, आणि संध्याकाळी माणशी पाच फ्रँकचे जेवण. तेथे वरकड आकारावरून भांडण जुंपते. टीकाकार ह्या प्रसंगास विनोदी म्हणतात. आमची सहानुभूती त्या वरातीकडे आहे. आपल्या मालकीचे आहे असे सांगितलेल्या घरात परक्याप्रमाणे वावरणे ही स्थिती हसण्यासारखी असेल, पण ती त्या बिचाऱ्यांची करणी नव्हे. ज्यांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांत सुटीच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या कुटुंबांकडे पहारेकरी कसे पाहतात हे पाहिले असेल, त्यांस निराळे सांगावयास नको.

आयफेलच्या मनोऱ्याविषयी सर्वांस सर्व ठाऊक आहे. १८८९ साली तो उघडला तेव्हा पाळणे सुरू व्हावयाचे होते, तरी हजारो लोक पायांनी चढून गेले, आणि पहिल्याच मजल्यावर चार उपाहारगृहे होती. पाहण्याचा व खाण्याचा पक्ष तेथे प्रथम एक झाला असे म्हणावयास हरकत नाही.

प्राण्यांच्या बागेने मात्र आम्हांस अधिक थांबविले. पॅरिसच्या वनस्पती-उद्यानातील प्राणिसंग्रह १७९४ सालचा आहे. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने नगरास वेढा घातला आणि तो पुढील जानेवारीअखेरपर्यंत टिकला. अन्न संपत चालले तेव्हा घोडे, मग कुत्री, मांजरे व उंदीर, आणि अखेरीस बागेतले प्राणी खाटकांकडे गेले. कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन हत्ती मुलांचे लाडके होते; तेही डिसेंबरात मारण्यात आले. त्या वर्षीच्या नाताळचे व्हुआझँ ह्या श्रीमंती उपाहारगृहातील भोजनपत्रक प्रसिद्धच आहे: हत्तीचा रस, उंटाचे भाजलेले मांस, कांगारूचे कालवण, आणि भोवती उंदीर मांडलेले मांजर, बरोबर मात्र उंची जुनी मद्ये. हे पत्रक आजही विनोद म्हणून पुनःपुन्हा छापले जाते. हत्ती ज्यांच्या पानात पडला ते धनिक होते. गरीब उंदरासही महाग झाले होते, आणि त्यांचे भोजनपत्रक कोणी छापून ठेवलेले नाही.

बुलोन्यच्या वनात दुसरी एक बाग आहे, ती १८६० साली तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दीत उघडली. आज तेथे पाळणे आहेत, छोटी आगगाडी आहे, आणि मुलांची दुपार तेथे फार सुखात जाते. आमच्या मुलांचीही गेली. १८७७ साली ह्या बागेच्या चालकांनी न्युबियाचे व उत्तर ध्रुवाकडील लोक आणून कठड्यापलीकडे ठेवले. त्या वर्षी प्रेक्षकांची संख्या दुप्पट होऊन दहा लाखांच्या घरात गेली. मग हा पायंडाच पडला. १८८३ साली सिंहली आणले. १९३१ साली न्यू कॅलिडोनिया बेटावरील कनाक लोकांस आणून नरभक्षक म्हणून नाचविले. हे लोक ख्रिस्ती होते, त्यांपैकी कित्येकांस फ्रेंच उत्तम येत होते, पण त्यांनी ते बोलू नये अशी व्यवस्था होती. काहींस जर्मनीत दाखविण्यासाठी धाडले आणि त्यांच्या मोबदल्यात मगरी घेतल्या. १९९८ साली ज्या फ्रेंच संघाने फुटबॉलचा विश्वचषक पॅरिसच्या वेशीवर जिंकला, त्यातील क्रिस्तियाँ कारांब्यू ह्या खेळाडूचे पणजोबा त्या कनाकांत होते.

ते पाहावयास जे आले त्यांत दुष्ट लोक थोडेच असणार. बहुतेक आपल्या आमच्यासारखे: रविवार, स्वच्छ कपडे, मुलाचा हात धरलेला, खिशात खाऊ. द्यूवालच्या मेजावर ज्या कुटुंबास मान मिळाला तेच कुटुंब जेवण आटोपून ह्या कठड्याशी उभे राहत असे. बागेच्या बाकावर बसलो असता आम्हांस जो प्रश्न पडला तो सोपा होता. १८८३ साली आम्ही ह्याच वर्णाचे, ह्याच मुलांसह येथे आलो असतो, तर द्वारपालाने आम्हांस तिकीट मागितले असते, की आत कोठे उभे राहावयाचे ते दाखविले असते? मुले छोट्या आगगाडीतून चौथी फेरी मारीत होती, म्हणून विचारास पुष्कळ अवधी मिळाला.

नोत्र दामच्या मागे, बेटाच्या अगदी टोकाशी, १८६४ पासून नगराचे शवागार होते. बेवारशी प्रेते ओळख पटावी म्हणून काचेआड मांडून ठेवीत. प्रवेश विनामूल्य, म्हणून लहान मुलांसह घरेच्या घरे तेथे लोटत, बाहेर संत्री व खाऊ विकणारे बसत, आणि परदेशी प्रवासीही ते स्थळ टाळीत नसत. १९०७ साली लोकांस तेथे मज्जाव झाला. त्याच जागी १९६२ साली, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधून नाझींच्या छळछावण्यांत नेलेल्या दोन लक्ष मनुष्यांचे स्मारक उभारले. उभारले म्हणणे बरोबर नाही, ते भूमीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. खाली गजांतून नदीचे पाणी तेवढे दिसते. आत एका लांब बोळाच्या भिंतींत प्रत्येक मनुष्यामागे एक असे दोन लक्ष प्रकाशबिंदू आहेत. लगतचा पूल ओलांडला की साँ लुई बेटावर १९५४ सालापासून चालत आलेले आइस्क्रीमचे प्रख्यात दुकान लागते. खाण्याच्या पक्षाने ते आधीच हेरून ठेवले होते. मुलांनी पुलावर उभे राहून शंकू संपविले, हात पुसले, आणि मग ती आमच्याबरोबर खाली उतरली. वर आल्यावर पुढे काय खावयाचे, हा प्रश्न कोणी काढला नाही. ही शांतता सुमारे अर्धा तास टिकली. पुढे एका पाववाल्याचे दुकान लागले.