जबलपूरची वही

मी ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करतो. या कामाला काय काय यावं लागतं, असं तुम्ही विचारता. म्हणून आज जबलपूरला जाऊ.

१८१७-१८ च्या युद्धात हे शहर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे विल्यम स्लीमन इथे बसून ठगांचा छडा लावू लागला. त्याची खरी भिस्त नोंदींवर. माफीच्या साक्षीदारांना बोलतं करून तो त्यांची गुप्त बोली शिकला, आणि १८३६ साली कलकत्त्यात ‘रामसीआना’ हा तिचा कोश छापला. त्यात ठग घराण्यांच्या वंशावळीही आहेत! एकाने सांगितलेलं नाव दुसऱ्याच्या जबानीशी ताडायचं. एकच ग्राहक तीन नावांनी सापडला की आम्हीही हेच करतो.

पण साक्षीदाराचा स्वतःचा जीव जबानीवर टांगलेला. साहेबाला हवं तेच तो बोलला नसेल कशावरून? इतिहासकार अजून हे विचारतात. त्यात १८३६ चा कायदा असा, की ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं तरी जन्मठेप. खून कोणता, ते दाखवायची गरज नाही.

माझ्या एका जुन्या नोकरीत विक्रीच्या पोरांनी टार्गेटपायी न झालेल्या भेटी भरल्या होत्या. मी त्यांचे सुबक तक्ते केले. एकाही ग्राहकाला फोन करून विचारलं नाही.