आजन्म प्रतिज्ञा आणि आजचा दिवस : दीक्षाभूमीपासून व्यसनमुक्तीपर्यंत

१/ १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. अशोक विजयादशमीच्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी स्वतः लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील १७वी प्रतिज्ञा दारू न पिण्याची होती.

२/ एवढ्या विराट समुदायात आदल्या दिवसापर्यंत दारू पिणारी माणसेही असणारच. अशा माणसाने ही प्रतिज्ञा दुसऱ्या दिवशी सकाळी पाळायची कशी? संकल्प मोठा असावा, हे सर्वांनाच पटते. पण तो पेलण्याजोगा कसा करायचा, या प्रश्नालाही इतिहास आहे.

३/ आधी आयर्लंडकडे पाहू. १८३८ मध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाची मोहीम सुरू केली. लोक सभेला येत, संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेत, पदक घेऊन घरी जात. काही वर्षांतच लाखो लोकांनी शपथ घेतली. पण १८४५ नंतर दुष्काळाने देश कोलमडला आणि मोहिमेचा जोरही ओसरला.

४/ एकदाच घेतलेल्या शपथेत एक धोका असतो. एक पेला घेतला की माणसाला वाटते, ‘शपथ मोडलीच, आता सावरून काय उपयोग?’ मग एका घसरणीचे पूर्ण पतन होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी या मनोवस्थेचा अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेला, व्यसनाकडे पुन्हा वळणे कसे टाळावे यावरील ग्रंथ १९८५ मध्ये आला.

५/ आता पुन्हा दीक्षाभूमीवर येऊ. पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. पाली भाषेत प्रत्येक शीलाला ‘सिक्खापद’ म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. ते एकदा घेऊन संपत नाही. विहारात, घरी, मंगलप्रसंगी पंचशील पुन्हा पुन्हा ग्रहण केले जाते. काल चुकलेला माणूसही आज ते घेऊ शकतो.

६/ उपोसथाची परंपरा तर काळाचे मापच ठरवून देते. त्या दिवशी उपासक अष्टशील ग्रहण करतात, ते एका दिवस-रात्रीपुरते. पाच शिले नित्याची, आठ शिले त्या दिवसाची : सामान्य गृहस्थाला किती झेपेल, याचा विचार या रचनेत दिसतो.

७/ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. ‘फक्त आजचा दिवस प्यायचे नाही’ हे तिचे सूत्र झाले. महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे एका दिवसाचे माप सर्वपरिचित आहे.

८/ या दोन परंपरांची सरमिसळ मात्र करू नये. धम्मातील शील हा नैतिक आचार आहे. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. म्हणून अशा माणसाचे पहिले वास्तव ध्येय डॉक्टरांना भेटणे हेच असते.

९/ त्यापुढची ध्येयेही अशीच छोटी, दिवस मावळताना तपासता येणारी असावी लागतात. पगाराच्या दिवशी थेट घरी जाणे. गुत्त्यावरून जाणारा रस्ता टाळणे. वेळेवर जेवणे. तलफ आली की एका विश्वासू माणसाला फोन करणे. ‘घरच्यांचा गेलेला विश्वास महिनाभरात परत मिळवीन’ हे ध्येय मात्र आपल्या हातातले नसते, कारण त्याचा निर्णय घरचे घेतात. आपल्या हाती असते ते सांगितलेल्या वेळी घरी पोहोचणे.

१०/ आजही दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात आणि पंचशील पुन्हा म्हणतात. १९५६ ची प्रतिज्ञा आयुष्यभराचीच आहे. पण आयुष्य कोणालाच एका घासात गिळता येत नाही. घसरलेल्या माणसाला ‘शपथ मोडलीस’ एवढेच ऐकवण्याऐवजी ‘आजचे शील अजून घेता येते’ हेही सांगायला हवे. त्यासाठी लागणारे शब्द आपल्या परंपरेत आधीपासून आहेत.