पितळी पातेलं आणि तान्ह्याचं दूध

‘आमच्या आज्या-पणज्यांनी पितळेच्या पातेल्यातच दूध तापवलं, कुणाचं काय बिघडलं?’ तांब्या-पितळेची भांडी घरात पुन्हा मानाने येऊ लागल्यापासून हा सवाल फार ऐकू येतो. बिघडत होतं, आणि तान्ह्या मुलांचंच बिघडत होतं.

रोगाचं नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. हा यकृताचा रोग, आणि उपचार न मिळालेली बहुतेक मुलं दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या दुधाचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं, की अगदी लहानपणी सुरू केलेलं, पितळी भांड्यात तापवलेलं आणि साठवलेलं वरचं दूध हे या रोगाचं संभाव्य कारण आहे. पितळेतलं तांबं दुधात उतरतं आणि यकृतात साठतं. निरोगी यकृतात ते कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते कित्येक पटींनी जास्त निघे.

‘तांब्यातलं पाणी तर सगळेच पितात’ हे उत्तर इथे चालत नाही. दुधातलं केसिन तांबं धरून ठेवतं, आणि ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची तान्ह्याच्या यकृताची ताकद अजून पुरती आलेली नसते. कल्हईवर विसंबणंही धोक्याचं, कारण ती झिजते.

अधिक वजनदार आक्षेप आनुवंशिकतेचा. एकाच घरात भावंडं आजारी पडत, हे खरं. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालकं गेली, आणि तिथे वंशाचा धागाही दिसला. पण तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातलंच होतं, भांडी बदलल्यावर रोग हटला. आपल्याकडेही स्टील-ॲल्युमिनियम रुळलं तसा तो विरळ झाला. दोन पिढ्यांत वंश बदलत नाही. जनुकं काही मुलांना अधिक हळवं करत असतील, पण म्हणून भांडं निर्दोष ठरत नाही.

आता हा रोग इतका दुर्मीळ आहे, की तरुण डॉक्टरांच्या तो ध्यानातही येणार नाही. कावीळ उशिरा दिसते. त्याआधी मूल किरकिरतं, पोट फुगतं, यकृताची कडा टणक आणि धारदार लागते. शरीरातलं तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाचा उपयोग होतो तो याच टप्प्यावर. तेव्हा असं दोन-तीन वर्षांच्या आतलं मूल समोर आलं, तर बाकीच्या तपासण्यांबरोबर आईला हेही विचारावं: दूध कशात तापवता, आणि ते कितव्या महिन्यापासून देताय?