यकृतातील फसवी गाठ
अँजिओमायोलायपोमा ही गाठ मूत्रपिंडात अधिक आढळते. यकृतात ती विरळाच. रक्तवाहिन्या, स्नायुपेशी आणि चरबी यांनी बनलेली ही गाठ बहुधा प्रौढ स्त्रियांमध्ये, अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दिसते. चरबी भरपूर असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये तिची ओळख पटते. मात्र चरबीचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी ते ९० टक्क्यांहून अधिक असे कितीही असू शकते आणि खरी अडचण इथेच आहे. कमी चरबीची गाठ थेट यकृताच्या कर्करोगासारखी दिसते. उलट काही कर्करोगांतही चरबी असते. त्यामुळे अहवालात नुसता ‘चरबी’ हा शब्द वाचून निश्चिंत होणे बरे नव्हे. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर या गाठीचा चरबीयुक्त भागही लगेच उजळतो, कारण त्यात रक्तवाहिन्या असतात. कर्करोगातील तसा भाग तुलनेने कमी उजळतो. गाठीतून यकृतशिरेकडे जाणारी रक्तवाहिनी लवकर दिसणे, ही आणखी एक खूण. तरीही शंका उरल्यास सुईने तुकडा काढून त्यावर एचएमबी-४५ ही चाचणी करतात. या गाठीच्या पेशींत ती होकारार्थी येते. निदान पक्के झाले आणि गाठ लहान असली, तर यकृताचा भाग कापण्याऐवजी ठरावीक काळाने स्कॅन करत राहणे पुष्कळदा पुरेसे ठरते. गाठ वाढू लागली किंवा त्रास देऊ लागली, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार होतो.