टोकदार कमानीचा भक्त

१८३४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील १६ तारखेच्या रात्री लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचे निवासस्थान, आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. जमाखर्चाच्या खुणा कोरलेल्या जुन्या, निरुपयोगी लाकडी कांड्या भट्टीत जाळल्या जात होत्या. त्यांतून ही आग भडकली. थेम्सच्या काठी बघ्यांची एकच दाटी झाली. त्या गर्दीत बावीस वर्षांचा एक तरुण होता, आणि इतरांचा जीव हळहळत असता त्याला मात्र आनंद होत होता. अलीकडच्या नामांकित वास्तुशिल्पज्ञांनी जुन्या इमारतीला चिकटवलेला गिलाव्याचा नकली साज त्याच्या डोळ्यांदेखत ढासळत होता, आणि मध्ययुगातील दगडी भिंती आगीतही उभ्या होत्या. पुढे एका पत्रात त्याने हे समाधान मोकळेपणाने व्यक्त केले. ऑगस्टस वेल्बी प्यूजिन हे त्या तरुणाचे नाव. दुसऱ्याच वर्षी त्याने कॅथलिक पंथाचा स्वीकार केला, आणि उरलेली सतरा वर्षे जुनी उपासना, जुने मंदिरशिल्प आणि जुने धर्मसंगीत यांच्या पुनरुद्धारासाठी अक्षरशः जाळून घेतली.

त्याचा जन्म १ मार्च १८१२ चा. वडील फ्रान्समधून इंग्लंडात आलेले कुशल नकाशाकार. जुन्या गॉथिक इमारतींची मापे घेऊन त्यांची चित्रे ते प्रसिद्ध करीत, आणि मुलगा त्यांच्याबरोबर हिंडून तेच शिकला. आई धर्मपरायण, ती त्याला एका प्रख्यात स्कॉटिश प्रवचनकाराच्या लांबलचक प्रवचनांना नेत असे. उघड्याबोडक्या भिंती आणि संपता न संपणारी प्रवचने यांचा त्या मुलाने जन्मभराचा धसका घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. पंधराव्या वर्षी त्याने विंडसर येथील राजवाड्यासाठी गॉथिक धर्तीच्या सामानाचे नमुने काढून दिले. त्यानंतर नाटकगृहांतील पडदे व देखावे, स्वतःची लहानशी नौका, समुद्रावरची भटकंती, एकदा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर झालेली नौकेची मोडतोड, कोरीव कामाचा धंदा आणि त्यात आलेली खोट, हे सारे विशीतच उरकले. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले, विसाव्या वर्षी पत्नी बाळंतपणात निवर्तली. पाठोपाठ वडील गेले, मग आई गेली.

हे दुःख घेऊन तो जुन्या कॅथीड्रलांतून हिंडू लागला. मापे घेता घेता त्याच्या मनाने घेतले की, ही शिखरे, या टोकदार कमानी, हे उंच निमुळते खांब म्हणजे नुसती कारागिरी नव्हे. ज्या श्रद्धेतून ती निपजली, ती श्रद्धा टाकून देऊन कोणी त्यांची नक्कल करू म्हणेल, तर हाती केवळ कलेवर येईल. १८३५ मध्ये सॉल्सबरी येथे त्याचा कॅथलिक पंथात प्रवेश झाला. वास्तुशिल्पाच्या नादाने याने धर्म बदलला, अशी थट्टा त्या काळी झाली. थट्टेत तथ्य आहेही आणि नाहीही. दाराने आत आला हे खरे. परंतु आत आल्यावर तो दारातच घुटमळत राहिला नाही.

या पंथांतराचे धाडस समजण्यासाठी इंग्लंडातील कॅथलिकांची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. एलिझाबेथ राणीच्या काळापासून तेथे हा धर्म पाळणे हा जवळजवळ गुन्हाच होता. मराठी वाचकांना या इतिहासाचा एक धागा परिचित आहे. ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचणारा फादर स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिकच होता, आणि १५७९ मध्ये तो गोव्यास आला तेव्हा त्याच्या मायदेशी त्याच्या धर्माच्या पुरोहितांवर फाशीचे सावट होते. पुढे दोनशे वर्षे तिकडचे कॅथलिक आडवाटेच्या खोल्यांतून आणि परदेशी वकिलातींच्या प्रार्थनागृहांतून मिस्सा ऐकत राहिले. १७९१ च्या कायद्याने प्रार्थनागृहे बांधण्याची मुभा मिळाली, पण त्यांना शिखर व घंटा असता कामा नये, अशा अटीवर. राजकीय हक्क मिळावयास १८२९ साल उजाडावे लागले. म्हणजे प्यूजिन ज्या समाजात आला तो समाज दडून राहण्यास सरावलेला होता. डोळ्यांत भरेल असे काही बांधावे ही कल्पनाच त्याला नवखी होती. आणि या नवागताला हवी होती आकाशात घुसणारी शिखरे!

१८३६ मध्ये त्याने ‘कॉन्ट्रास्ट्स’ हे पुस्तक स्वखर्चाने छापले. युक्ती साधी होती: एका बाजूस मध्ययुगातील इमारत, दुसऱ्या बाजूस त्याच कामाची आधुनिक इमारत. १८४१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने गरिबांची निवासस्थाने अशीच समोरासमोर मांडली. जुन्या मठाच्या आश्रयाला असलेल्या म्हाताऱ्याला अंगभर वस्त्र, पोटभर अन्न आणि मेल्यावर सन्मानाचे दफन. १८३४ च्या नव्या कायद्याने उभारलेल्या दरिद्री-गृहात तुरुंगासारखी कोठडी, पातळ कांजी, आणि मेल्यावर शरीर वैद्यकीय विच्छेदनाला. १४४० चे शहर आणि १८४० चे शहर अशी दुसरी एक जोडी आहे. पहिल्यात मंदिरांची शिखरे, दुसऱ्यात गिरण्यांची धुराडी आणि अगदी पुढ्यातच कारागृह. यात अन्याय आहे, हे उघड आहे. मध्ययुगातील रोगराई, गुलामगिरीवजा वेठ आणि जळते चिते यांचे चित्र त्याने काढलेच नाही. तरी पण समाज आपल्या दुबळ्यांना कसा वागवतो ते त्याच्या इमारतींवरून ओळखावे, हा त्याचा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही. पुढे रस्किनसारख्यांनी याच वाटेने विचार केला, मग प्यूजिनचे ऋण मान्य करण्याची त्यांची तयारी असो वा नसो.

१८४१ च्याच दुसऱ्या एका ग्रंथात त्याने दोन नियम सांगितले. सोय, बांधणी किंवा औचित्य यांच्यासाठी जे आवश्यक नाही ते इमारतीत असू नये. आणि अलंकरण करावयाचे ते मूळ बांधणीचेच करावे, वरून चिकटवू नये. जुन्या धर्माचा हा कडवा अभिमानी विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुशिल्पाच्या प्रणेत्यांत गणला जातो, तो या दोन वाक्यांमुळे.

मग कामाचा पूर लोटला. श्र्यूजबरीचा अर्ल हा धनाढ्य कॅथलिक उमराव त्याला आश्रयदाता लाभला. बर्मिंगहॅमचा हार्डमन धातुकाम आणि रंगीत काचा करी, मिंटन फरशा भाजी, मायर्स बांधकाम पाही. रेखाटन मात्र पहिल्या रेषेपासून शेवटच्या बिजागरीपर्यंत प्यूजिनचे. मदतनीस का ठेवीत नाही असे विचारता, ‘तो आठवड्यात मरून जाईल,’ असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. चीडल येथील सेंट जाइल्स हे त्याचे मनाजोगे झालेले चर्च १८४६ मध्ये उघडले. शिखराची उंची २०० फूट. आत मात्र एक हात जागा रंगावाचून राहिलेली नाही. खांब, छत, भिंती, फरशी सर्वत्र लाल, निळा, सोनेरी. इतरत्र पैसा तुटपुंजा असे. आयर्लंडमधून येणाऱ्या कंगाल मजुरांच्या गर्दीसाठी थोड्या खर्चात मोठी जागा हवी असे, आणि प्यूजिनची शिखरे नकाशावरच राहत. लंडनमधील साउथवर्कचे सेंट जॉर्ज १८४८ मध्ये उघडले, ते शिखरावाचूनच.

परंतु पैशाच्या टंचाईपेक्षा त्याला अधिक झोंबला तो स्वधर्मीयांचा विरोध. भांडणाचे मूळ एका पडद्यात होते. मध्ययुगीन चर्चमध्ये जनसमुदायाची जागा आणि वेदीची जागा यांच्यामध्ये नक्षीदार लाकडी वा दगडी जाळीचा आडपडदा असे, त्याच्या माथ्यावर मोठा क्रूस. आपल्याकडे गाभारा आणि सभामंडप यांत जे अंतर असते तेच तत्त्व येथे होते. पवित्र स्थान दिसावे, पण उघडे पडू नये. बर्मिंगहॅमच्या सेंट चॅड्समध्ये असा पडदा प्यूजिनने योजला, तेव्हा पुढे कार्डिनल झालेल्या वाइजमन यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, शतकानुशतके चोरून मिस्सा ऐकलेल्या लोकांना आता तरी वेदी उघड्या डोळ्यांनी दिसू द्या. प्यूजिनने काम सोडण्याची धमकी दिली, आणि पडदा उभा राहिला. मिस्सेच्या वेळी घालावयाच्या झग्यांविषयी असेच झाले. जुन्या धर्तीचे, अंगावरून ऐसपैस पडणारे झगे त्याने पुन्हा शिवविले, तर १८३९ मध्ये खुद्द रोमहून नापसंती आली. ज्याच्यासाठी सर्वस्व वाहिले त्या घरूनच हा ठोसा.

याहून भारी प्रतिपक्षी भेटला तो न्यूमन. तोही अँग्लिकन पंथ सोडून १८४५ मध्ये कॅथलिक झालेला; विद्वान, मृदुभाषी, पण मताचा पक्का. गॉथिकच्या सौंदर्याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याचा आक्षेप असा की, धर्म जिवंत आहे, म्हणून त्याची उपासना वाढत गेली आहे. मध्ययुगानंतर नवे संप्रदाय निघाले, नवे विधी आले. इमारतीने उपासनेच्या सोयीने असावे, उपासनेने इमारतीच्या सोयीने नव्हे. न्यूमनने पत्करलेला संप्रदाय तर सोळाव्या शतकातील रोममध्ये जन्मलेला. प्यूजिनच्या लेखी रोममधील ती घुमटांची आणि ग्रीक खांबांची वास्तुकला म्हणजे निव्वळ मूर्तिपूजकांचे अनुकरण! १८४७ मध्ये तो रोमला गेला आणि सेंट पीटर्स पाहून निराश होऊन परतला. जुन्या गोव्याचे बॉम जेझूस त्याने पाहिले असते तर तेथेही त्याने नाकच मुरडले असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुडघे टेकणाऱ्या भाविकांची श्रद्धा त्याच्या सिद्धांतात बसली नसती. न्यूमनची बाजू येथे अधिक उदार होती, यात शंका नाही. मात्र ‘काळाबरोबर बदला’ एवढ्यावर समाधान मानले तर काय काय वाहून जाते, याची जाणीव प्यूजिनला अधिक तीव्र होती.

संगीताच्या बाबतीत ही जाणीव विशेष दिसते. वकिलातींच्या प्रार्थनागृहांत मोत्सार्ट आणि हायडन यांच्या मिस्सारचना गाण्याचा प्रघात पडला होता. ऑपेरातील नामवंत गायक-गायिका तेथे गात, आणि ऐकावयास धर्माशी काडीचा संबंध नसलेले रसिकही जमत. हे संगीत श्रेष्ठ होते हे कोण नाकारील? पण कीर्तनात नाट्यपदांच्या चाली शिरल्या की बुक्का लावून बसलेला जुना श्रोता जसा अस्वस्थ होतो, तसा प्यूजिन अस्वस्थ झाला. १८५० मध्ये त्याने जुन्या ग्रेगोरियन गायनाच्या पुनरुज्जीवनासाठी एक कळकळीचे पत्रक प्रसिद्ध केले. या गायनात सारे एका सुरात गातात. ठोक्याचा ताल नाही, लॅटिन शब्दांच्या वजनाने स्वर पुढे सरकतो. त्याचे म्हणणे असे की, कमानी आणि झगे जुने आणले तरी आवाज नाटकगृहाचा राहिला तर सारे व्यर्थ. आणि जुने गायन हे सर्वांनी मिळून गावयाचे असल्यामुळे मंदिरात आलेला माणूस प्रेक्षक राहत नाही, उपासक होतो. पडद्याच्या वादात लोकांना वेदीपासून दूर ठेवतो असा ठपका ज्याच्यावर आला, त्याचे हे म्हणणे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दरम्यान जळालेल्या पार्लमेंटची नवी इमारत उठत होती. योजना चार्ल्स बॅरीची. पण आतील भिंतींचे कागद, फरशा, दिवे, सिंहासन आणि अखेरीस घड्याळाचा मनोरा प्यूजिनच्या पेन्सिलीतून उतरले. त्या मनोऱ्याचे रेखाटन हे त्याच्या शेवटच्या कामांपैकी. १८५२ च्या आरंभी त्याचे मन ढळले. त्याला बेथलेम येथील वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. ते इस्पितळ त्या वेळी साउथवर्कमध्ये होते, सेंट जॉर्जच्या अगदी समोर. ज्या चर्चमध्ये चार वर्षांपूर्वी त्याचा तिसरा विवाह झाला होता, ते रस्त्यापलीकडे उभे होते. पत्नीने त्याला तेथून सोडवून रॅम्सगेटच्या समुद्रकाठच्या घरी नेले. १४ सप्टेंबर १८५२ रोजी, चाळिसाव्या वर्षी, तो वारला. घराशेजारी स्वतःच्या पैशाने बांधलेल्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

त्याच्या विचारांचे पीक काढले ते बहुतांशी अँग्लिकन वास्तुशिल्पज्ञांनी. त्यांतील गिल्बर्ट स्कॉट याने प्यूजिनच्या लेखनाने आपण खडबडून जागे झालो, अशी कबुली आत्मवृत्तात दिली आहे. हा स्कॉट हिंदुस्थानात कधी आला नाही. पण मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई मनोरा त्याच्याच नकाशावरून उभारले गेले. कुलाबा-भायखळ्याच्या ज्या पिढ्या त्या टोकदार कमानींखालून पदव्या घेऊन गेल्या, त्यांना प्यूजिनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याच्या स्वतःच्या पंथात त्याची एक मागणी उशिरा का होईना मान्य झाली. १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपने ग्रेगोरियन गायनाला धर्मसंगीताचा आदर्श ठरविले, आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही त्याला अग्रस्थान दिले. मात्र त्याच परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि काही वर्षांतच लॅटिन व तिच्याबरोबर ते गायनही बहुतेक चर्चांतून उठले. परिषदेनंतर जन्मलेल्या तरुणांपैकी काही जण त्या जुन्या मिस्सेकडे पुन्हा ओढले गेले. २००७ मध्ये तिला रोमहून विस्तृत परवानगी मिळाली, २०२१ मध्ये ती आवळण्यात आली. न्यूमन आणि प्यूजिन यांचा वाद असा अद्यापि चालूच आहे.

सेंट चॅड्समधला तो आडपडदा मात्र गेला. १९६७ च्या फेरबदलात, लोकांना वेदी नीट दिसावी म्हणून, तो काढून टाकण्यात आला. रेडिंग येथील एका अँग्लिकन चर्चने तो नेला, आणि तेथे तो उभा आहे.